जुस्तीनबायच्या तोंडातली सुपारी

तर बर्फाचं पाणी डोक्यावरून गळत होतं आणि तो चष्मेवाला तसाच उभा होता, काल गोष्ट इथं येऊन थांबली. थोडा दोष त्याचाही होताच म्हणा. भाईंदरच्या मासळीबाजारात यायचं, जुस्तीनबायच्या पापलेटाचा कल्ला उघडून नाकाशी न्यायचा, पोटात दोन बोटं खुपसायची आणि वर विचारायचं, "मौसी, कल का है क्या?" तारोडी कोळीवाड्यातली ही बाई पहाटे स्वतः बंदरावर जाऊन मासळी निवडून आणणारी. तिला असं विचारणं म्हणजे आग्या मोहोळाला दगड मारणं. तिनं आधी त्याच्या सात पिढ्यांची हजेरी घेतली. मग कोयता फळीवर आपटला. आणि एवढं करूनही पोटातली आग विझेना, तेव्हा बर्फ वितळून ज्यात पाणी साचतं ते घमेलं उचललं आणि त्याच्या डोक्यावर पालथं केलं. सगळा बाजार हसला. शेजारच्या फळीवरची संजना तर टोपलीवर कपाळ टेकून हसली.

आता पुढं ऐका. चष्मेवाल्यानं चष्मा काढला, रुमालानं पुसला, रुमालही भिजलेलाच, आणि चांगल्या स्वच्छ मराठीत म्हणाला, "विहीणबाई, ओळखलं नाहीत का? मी हरिश्चंद्र. रुचिताचा मामा, इथल्याच इंद्रलोक वस्तीतला. लग्नात मला मिशी होती."

रुचिता म्हणजे जुस्तीनबायची सून.

संजनानं टोपलीवरून कपाळ उचललं. जुस्तीनबायच्या हातातलं घमेलं तसंच राहिलं. मामा बिचारा भला माणूस. भाचीला दिवस गेलेत, तिला पापलेट आवडतं, सासूकडूनच घेऊन सासूलाच घरी न्यायला द्यावं, अशी त्याची गंमत होती. आणि बाजारात शिरलं की माणसाच्या तोंडात आपोआप हिंदी येते, त्याला तो काय करणार? तो पापलेट न घेताच गेला. जाताना म्हणाला, "असू द्या. उन्हाचं बरंच वाटलं." पण त्याचे कान लाल झाले होते, ते जुस्तीनबायनं पाहिलं.

घरी ती पोहोचायच्या आधी फोन पोहोचला होता. रुचिता रडली नाही, ओरडली नाही. मेल्विन, जुस्तीनबायचा एकुलता एक, विमानतळावर सामानाच्या खात्यात आहे. तो कामावरून आला, जेवला आणि ओट्यावर आईशेजारी येऊन बसला. मग खाली बघत म्हणाला, "आई, ईस्टर झाला की ती बाळंतपणाला गोडदेवला जातेय. पहिलं बाळंतपण माहेरी, ती रीतच आहे."

"हाय ना. जाऊ दे की."

"तिथून परत कुठं यायचं, ते ती नंतर ठरवणार म्हणतेय. इंद्रलोकला मामांच्या बिल्डिंगमध्ये एक जागा भाड्यानं मिळतेय. ती म्हणते, बाळानं पहिला शब्द शिकायचा तो शिवी नको."

जुस्तीनबायनं नेहमीप्रमाणे तोंड उघडलं आणि मिटलं. कारण बाहेर यायला जे निघालं होतं, तेच तर ते होतं.

आता ही जीभ आली कुठून, तेही सांगायला हवं, नाही तर बाईवर अन्याय होईल. मेल्विन पाळण्यात होता तेव्हाच नवरा गेला. समुद्रानं नाही नेला, काविळीनं नेला. चोवीस-पंचविशीची पोर. पहाटेच्या अंधारात बंदरावर लिलावाला उभी राहायची आणि बाप्ये तिच्या वाट्याला मेलेली, मऊ पडलेली मासळी सरकवायचे. पहिले काही महिने ती घरी येऊन रडली. मग एके दिवशी तिनं एकाला अशी शिवी दिली की शेजारच्या होडीवरचा माणूस हातातलं वल्हं विसरला. त्या दिवशी तिला पहिल्यांदा ताजी मासळी मिळाली. झालं. म्हातारा माणूस काठी धरतो तशी तिनं जीभ धरली. त्या काठीच्या आधारानं ती चालली, तिच्या आधारानंच पोरगं शिकवलं, घरावर कौलांच्या जागी स्लॅब टाकला. फक्त एक झालं. चालणं संपून बसायची वेळ आली तरी काठी काही खाली ठेवता येईना. पंख्याला शिवी, मांजराला शिवी, आनंद झाला तरी शिवी. मेल्विन पास झाला तेव्हा तिनं त्याला मिठी मारून जे म्हटलं, ते पेढे घेऊन आलेल्या मास्तरांना ऐकवलं नाही.

हे सगळं रुचिताला कोण सांगणार? ती गोडदेवच्या बौद्ध कुटुंबातली, मूळ घर नांदेडकडं. आई-वडील दोघं नोकरीवाले. त्यांच्या घरात भांडण झालं तरी दार लावून, हळू आवाजात. मेल्विन आणि ती कॉलेजात एका वर्गात होती. लग्नाला दोन्हीकडून कुणी आडवं आलं नाही, हे मोठंच. सासू वाईट नाही, हेही तिला कळत होतं. पण स्वयंपाकघरात वाटी पडली की तिचे खांदे कानापर्यंत वर यायचे. जुस्तीनबायला वाटायचं, पोरीला थंडी वाजते.

राखेचा बुधवार चार दिवसांवर होता. त्या दिवशी फादर कपाळाला राख लावतात आणि तिथून ईस्टरपर्यंत चाळीस दिवसांचा उपासकाळ सुरू होतो. ज्यानं त्यानं काहीतरी सोडायचं. कुणी दारू सोडतो, कुणी मटण, कुणी सिरियल. राख लावून झाल्यावर जुस्तीनबाय पायरीवर फादरांपाशी थांबली. फादर वसईकडचे, अंगानं बारीक, बोलायला तिखट.

"काय सोडणार यंदा, जुस्तीन?"

"मटण सोडीन, फादर. शुक्रवारी त तसं पन खात न्हाय."

"शुक्रवारी तू सुरमई खातेस. अगं, कोळणीनं मटण सोडलं तर तो उपास कसला, ती मेजवानी."

तिला हसू आलं नाही. फादरांनी तिच्याकडं नीट पाहिलं. मग तिनं पायरीवरच सगळं सांगितलं. मामा, घमेलं, गोडदेव, इंद्रलोक, आणि ते बाळाच्या पहिल्या शब्दाचं. सांगता सांगता तिचा आवाज बसला. बाजारात दिवसभर ओरडून जो बसत नाही, तो बसला.

"मग तुला माहीत आहे काय सोडायचं ते," फादर म्हणाले. "पोट ताब्यात ठेवणं सोपं, जुस्तीन. देवानं माणसाला आत्मसंयम दिला तो आधी तोंडासाठी. तुम्हा लोकांना सांगायला नको. एवढी मोठी होडी, पण वळते कशावर? एवढ्याशा सुकाणूवर. जीभ तेच."

"फादर, तुम्ही होडीवर कवा बसलेत? होड्यांना आशीर्वाद द्यायला आलेलात तवा बंदरातच ओकलात."

"बघ. हे सोड."

असा तिचा उपास सुरू झाला. शिवी द्यायची नाही. ठरवणं सोपं. पहिल्याच सकाळी लिलावात एका बाप्यानं टोपलीत हात घातला आणि शिवी दातापर्यंत आली. जुस्तीनबायनं घाबरून कमरेची चंची उघडली, हाताला लागली ती अख्खी सुपारी तोंडात टाकली आणि दाढेखाली दाबली. अख्खी सुपारी तोंडात असताना माणूस शिवी देऊ शकत नाही. करून बघा. "भ" सुद्धा नीट निघत नाही.

उपाय सापडला. तेव्हापासून चंचीत पान नाही, चुना नाही, नुसत्या अख्ख्या सुपाऱ्या. चावायच्या नाहीत, गालात धरायच्या. राग उतरला की काढून धुऊन परत चंचीत. बाजारात बातमी फुटायला वेळ लागतो का? संजना गिऱ्हाइकांना खुणेनं सांगायची, "आज गाल फुगलाय, भाव करू नका." तारोडीत तिच्या घराशेजारी धाकू नावाचा म्हातारा जाळी विणत बसतो, जन्माचा टवाळ. तो रोज विचारायचा, "काय गो जुस्तीन, आज दाढ दुखतंय का इमान दुखतंय?" ती मुठी आवळून पुढं जायची.

लोकांना गंमत होती. तिला मात्र धास्ती. बसमधून उतरून घराकडं वळलं की मनात एकच सुरू व्हायचं. आज काय होईल? आज सुनेनं भाजीत काय घातलं असेल, आज पोरगं काय बोलेल, आणि आपल्या तोंडून काय निसटेल? वाटेवरच्या क्रुसाजवळ थांबून ती रोज तेच मागायची, "आजचा दिस तेवढा काढ, देवा." उद्याचं मागायची हिंमत तिला नव्हती. दाराशी आली की सुपारी आधीच तोंडात. राग आलेला असो वा नसो. कुणी सांगावं, बेसावध क्षणी आला तर?

याचा परिणाम असा झाला, जो तिच्या लक्षात आला नाही, की घरात ती बोलायचीच बंद झाली. रुचिता विचारायची, "आई, चहा ठेवू?" सासू मान हलवायची. "आई, डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, बाळ छान आहे." सासूचा गाल फुगलेला, डोळे मोठे, आणि मान हलायची. तिला आतून पोरीला उचलून घ्यावंसं वाटत होतं. पण तिच्या तोंडात आनंदाचा शब्द कुठला यायचा, ते आपण मघाशी पाहिलंच आहे. त्यामुळं आनंदालाही सुपारी.

ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार आठवड्यावर आला. जुस्तीनबाय मनात म्हणाली, काढले बाई दिवस. आणि नेमकं तेव्हा ते घडलं.

पावसाळ्यात होड्या बंद असतात. त्या चार महिन्यांसाठी ती दर साली उन्हाळ्याच्या तोंडाला जवला सुकवून ठेवते. जवला म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी बारीक कोळंबी. घरामागच्या खळ्यात पातळ पसरायची, उन्हात सारखी हलवायची. संध्याकाळपर्यंत अशी वाजायला हवी की हातात घेतली तर वाळलेल्या पानासारखा आवाज यावा. त्या दिवशी जवला फार सुरेख मिळाला होता, गुलाबी, स्वच्छ. पसरून, एकदा हलवून ती बाजाराला गेली. रुचिता घरीच होती. तिचं ऑफिसचं काम आता घरून, लॅपटॉपवर चालायचं. सातवा सरत आलेला.

अकराच्या सुमाराला रुचिताच्या मोबाइलवर इशारा आला. अवकाळी पाऊस, विजा, वारे. तिनं खिडकीतून पाहिलं. आकाशात एक ढग होता खरा. आजूबाजूच्या बाया बाजाराला, धाकू तोंडावर जाळं ओढून निजलेला. तिला जवला आठवला. सासूनं अंधारात जाऊन आणलेला, एवढ्या मेहनतीनं पसरलेला. आपल्याशी ती बोलत नाही, रागावलीय, तरी आपण हे तरी सांभाळू. तिनं पडवीतली निळी ताडपत्री ओढत खळ्यात नेली, सगळ्या जवल्यावर अंथरली, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून कडेचे धोंडे एक एक करून तिच्या काठांवर ठेवले. मग घाम पुसून समाधानानं आत गेली आणि सासू यायच्या वेळेला चहाचं आधण ठेवलं.

पाऊस आला नाही. ढग तसाच विरारकडं निघून गेला आणि चैत्राचं ऊन भडकलं. ओला जवला, वर प्लास्टिक, त्याच्यावर ऊन. कोळ्याच्या घरात जन्मलेलं मूल चालायच्या आधी शिकतं की असं करायचं नाही. वास्तविक आला असता तर थोडा पाऊस परवडला असता. पण गोडदेवच्या तिसऱ्या मजल्यावर हे कुणी शिकवावं?

जुस्तीनबाय दुपारी बसमधून उतरली आणि लांबूनच तिला खळ्यात निळं दिसलं. ती पळाली. टोपली वाटेतच टाकली. कशी कुणास ठाऊक, पण सुपारी आधी तोंडात गेली. ताडपत्रीचं टोक धरून तिनं उचललं तसा वाफेचा लोट तोंडावर आला आणि वास. गुलाबी जवला लालसर, चिकट, गोळा झालेला. चार महिन्यांची बेगमी शिजून पडली होती.

रुचिता दारात आली. चेहऱ्यावर हसू होतं. "आई, पावसाचा मेसेज आला होता, मी सगळं झाकून..." आणि मग वास तिच्यापर्यंत पोहोचला. हसू तिथंच राहिलं, त्याला जायला वाट सापडेना.

जुस्तीनबायच्या डोक्यात रक्त चढलं होतं. आजवरच्या सगळ्या शिव्या, बापाच्या, सासूच्या, बंदरावरच्या, रांगेनं उभ्या होत्या. तिनं सुपारी अशी दाबली की दाढेतून कळ निघाली. आणि त्याच वेळी तिची नजर धोंड्यांवर गेली. मोठे धोंडे. एकेक उचलायला तिला स्वतःला कमरेत वाकून दम धरावा लागतो असे. तिनं धोंड्यांकडं पाहिलं, मग सुनेच्या पोटाकडं पाहिलं, आणि रागाच्या खाली दुसरंच काहीतरी गारठून बसलं. विचारायला हवं होतं. पण तोंड उघडलं तर आधी काय बाहेर येईल, याचा भरवसा कुठं होता? म्हणून तिनं तेही गिळलं.

"आई, रागावलात?" रुचितानं हळूच विचारलं.

जुस्तीनबायनं मान हलवली. नाही.

मग तिनं खराटा घेतला आणि खळं झाडायला लागली. ते झाडणं नव्हतं, मारणं होतं. धाकू जाळ्याखालून उठून बसला आणि टवाळी विसरला. संध्याकाळी भांडी घासली ती अशी की पातेल्यांनी सगळं बोलून टाकलं. तोंडातून शब्द नाही. मेल्विननं दोनदा विचारलं, "आई, काय झालं?" दोनदा मान हलली. रुचिता न जेवता आत जाऊन पडली. जुस्तीनबाय अंथरुणावर कान टवकारून होती. आतून कण्हण्याचा आवाज येतोय का? पोरीला कळ येतेय का? उठून दाराशी जावं, विचारावं. पण रात्रीच्या शांततेत तिला स्वतःच्या जिभेची जास्तच भीती वाटली. ती माळ धरून पडून राहिली. एवढा मोठा प्रसंग आणि एक शिवी दिली नाही, असं ती देवाला सांगत होती. देव शाबासकी देतोय, असं मात्र वाटत नव्हतं.

सकाळी ती चर्चला गेली. हे काही कुमसाराच्या आत, पाप कबूल करायच्या जागी, बोललेलं नाही. तिथलं कुणी बाहेर सांगत नसतं. हे बाहेर पायरीवरचं, आणि तिनंच पुढं सगळ्या बाजाराला सांगितलं म्हणून आपल्याला ठाऊक.

"एक अक्षर बोलले न्हाय, फादर," ती म्हणाली. "सगळा जवला नासला तरी न्हाय."

"शाबास. मग घरात शांती आली असेल."

ती म्हणाली, "न्हाय, फादर. भ्या आलं. पोर माज्याकडं बघतच न्हाय. मी बी तिच्याकडं बघत न्हाय."

"सुनेला विचारलंस, तिनं असं का केलं?"

"न्हाय."

"पोटात दुखतंय का, विचारलंस?"

"तोंडात सुपारी व्हती."

फादर पायरीवर टेकले. "जुस्तीन, मी होडीवर ओकलो हे खरं. पण एवढं मलाही कळतं. तू सुकाणू दोरीनं बांधून ठेवलंस आणि म्हणतेस होडी ताब्यात आहे. बांधलेल्या सुकाणूची होडी खडकावर जाणार नाही कशावरून? देवानं तोंड शिवायला नाही सांगितलं. हाकायला सांगितलंय."

"आन् हाकताना शिवी आली त?"

"येईल कधी. मग माफी मागशील. तीही तोंडानंच मागावी लागते."

तिला आणखी विचारायचं होतं. पण मेल्विनचा फोन आला. "आई, कुठं आहेस? रुचिता आजच निघतेय. ईस्टरपर्यंत थांबत नाही म्हणते. मी रिक्षा बघायला नाक्यावर आलोय."

चर्चपासून घर जवळच. पण त्या दिवशी ते पुढं पुढंच सरकत होतं, जवळ येईना. वाटेवर धाकूनं काहीतरी विचारलं, तिला ऐकूच आलं नाही. क्रुसापाशी ती थांबली नाही, चालता चालताच छातीला हात लावला. रिक्षा आधी पोहोचली तर? पोर काही न बोलता बसली, गेली, आणि मग इंद्रलोकच्या त्या जागेत पाळणा लागला, आणि आपण सणासुदीला पिशवीत बोंबील घेऊन पाहुण्यासारखं जायचं? कमरेच्या चंचीवर तिचा हात गेला. सवयीनं सुपारी तोंडात गेली. हे तिला कळलंसुद्धा नाही.

रुचिता ओट्यावर उभी होती. एका हातात मोठी बॅग. डोळे सुजलेले, दुसरा हात पोटाखाली. सासूला येताना पाहून ती ताठ झाली. खांदे पुन्हा कानापर्यंत.

जुस्तीनबाय समोर येऊन उभी राहिली. धापा टाकत. गाल फुगलेला.

"बघा," रुचिता म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "आजही तेच. मी काल विचारलं, रागावलात का, तर तुम्ही नाही म्हणून मान हलवलीत. आई, आमच्या घरी शिवी चालत नाही, पण खोटंही चालत नाही. लहानपणापासून विहारात पंचशीलात तेच म्हणत आलोय. तुम्ही ओरडायचात तेव्हा मला भीती वाटायची. पण निदान कळायचं तरी. आता तर मला काहीच कळत नाही. मी माती केली जवल्याची, मला माहितेय. धाकूकाकांनी सांगितलं मला, झाकायचं नसतं म्हणून. मला नव्हतं माहीत, आई. मला वाटलं, तुमचं वाचवतेय." तिनं नाक पुसलं. "आता एकच सांगा. मी बाळ घेऊन परत आले, तर या घरात काय असणार? पहिल्यासारख्या शिव्या, की हे असं? सांगा ना. बोला काहीतरी."

रस्त्याच्या वळणावर रिक्षा दिसली. मेल्विन तिच्यात बसलेला होता. धाकू जाळं मांडीवर घेऊन, सुई हवेत धरून बघत होता.

जुस्तीनबायनं दोन बोटं तोंडात घातली आणि सुपारी बाहेर काढली. चंचीत ठेवली नाही, धुतली नाही. ओट्याखालच्या अळूत फेकून दिली. जीभ मोकळी झाली तशी ती आधी घाबरली. मग बोलली.

"रागावले व्हते, बाय. लय रागावले. मान हलवली ती खोटी. जवला बघून तोंडात जे आलं ते ऐकलं असतंस त तू कालच गेली असतीस, म्हनून सुपारी दाबून धरली. पन शिवीच्या भ्यानं मी चांगलं बी गिळत बसले. तू ते धोंडे एकटीनं उचललेस, हे पोट घेऊन, माज्या जवल्यासाठी, ते बघून माजं काळीज हाललं गो, आन् मी रातभर तुज्या दाराकडं कान लावून पडले, पन उठून विचारलं न्हाय. आता विचारते, पोटात दुखत त न्हाय ना? तू विचारलंस, घरात काय असंल. मी म्हातारी हाय, एकदम गोड न्हाय व्हनार, वचन देत न्हाय. शिवी येल तोंडात, मी अडवीन, एखादी सुटंल, त मी तुज्यापाशी येऊन माफी मागीन, बाळाच्या देखत मागीन, म्हंजे त्याला शिवीच्या आधी माफी शिकाय मिळंल. जायचं त जा, तुजं माहेर हाय, मी आडवी येनार न्हाय. पन ती बॅग खाली ठेव आधी. ती मी उचलते."